अ‍ॅक्वासॉइल, टँकरचं पाणी आणि माझे सहा टेट्रा

टाकीवेडा | १४ जून, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी. चार-पाच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे. पहिला धागा काढतोय तोही रडगाण्याचा, त्याबद्दल आधीच माफी.

टाकी दोन फूट बाय एक फूट, उंची चौदा इंच. काठोकाठ ६५ लिटर, माती-दगड वजा जाता ५५ धरा. आजवर त्यात रंगीत गोटे आणि प्लास्टिकची झाडं होती. या वेळी खरी झाडं लावायची म्हणून अ‍ॅक्वासॉइलची नऊ लिटरची पिशवी आणली, म्हणजे टाकीतल्या झाडांसाठीची तयार दाणेदार माती. (घरी किंमत निम्मी सांगितली आहे.) कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण चूक कुणाची तेच तर ठरायचंय. मोहरीहून थोडे मोठे काळपट दाणे, ओले केले की पहिल्या पावसाचा वास.

दुकानदार म्हणाला, "दहा दिवस फिल्टर चालवा आणि मासे सोडा." मी बारा दिवस थांबलो. रोटाला, व्हॅलिसनेरिया आणि क्रिप्टोची (क्रिप्टोकोरिन, पाण्यातलं झाड) दोन रोपं लावली होती. तेराव्या दिवशी दहा निऑन टेट्रा सोडले. दोन दिवस मजेत होते. रविवारी सकाळी निम्मं पाणी बदललं, हायपो (क्लोरीन मारणारं औषध) टाकूनच. जेवून उठलो तर सगळे वर येऊन तोंडाची उघडझाप करत होते. संध्याकाळपर्यंत सहा गेले. उरलेले चार रात्रीच मित्राच्या टाकीत हलवले. मुलगी सात वर्षांची आहे, दोन दिवस माझ्याशी धड बोलत नाहीये.

मोजमापं: पाणी बदलण्याआधी टाकीचा पीएच ६.६, अमोनिया २ पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). बदलल्यावर पीएच ७.८. सोसायटीचं पाणी बोअर अधिक टँकर, त्याचा केएच (बायकार्बोनेटचं माप) ११, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५२०. (सिंहगड रोडला राहतो, एवढ्यावरून काय ते समजा.)

माती काढून टाकू का? की आपल्याकडची एखादी माती वापरून स्वस्तात हेच जमतं?


गप्पीकाका | १५ जून, सकाळी ६:१०

माझ्याकडे वीस वर्षं गप्पी आहेत. खाली नदीची जाड वाळू, वर हायड्रिला. माती-बिती काही नाही. पाणी बदलतो ते आठवड्याला दोन तांबे. मासे मरत नाहीत, उलट वाटून वाटून थकलो. ही महागडी माती कशासाठी?


उनाड_बोका | १५ जून, सकाळी ९:३३

काका, तुमचे गप्पी आता पाण्याविनाही जगतील. :)

टाकीवेडा, वाईट वाटलं. पण बायको इथे वाचत असेल तर खरी किंमत व्यनिने (व्यक्तिगत निरोपाने) विचारायला सांगा.


मृद्गंध | १५ जून, दुपारी २:०५

तुमचे आकडे वाचूनच उत्तर मिळालं. माझं शिक्षण मृदाशास्त्रातलं, मत्स्यशास्त्रातलं नाही. तेव्हा माशांबद्दल चुकलो तर सांभाळून घ्या.

अ‍ॅक्वासॉइल म्हणजे सेंद्रिय अंश असलेली चिकणमाती, गोळ्या करून हलक्या आचेवर कडक केलेली. हा प्रकार जगभर पोचवला तो जपानच्या ताकाशी अमानो यांनी. त्यांनी १९८२ मध्ये निइगाता इथे कंपनी काढली. आच हलकी असणं महत्त्वाचं. भट्टीत विटेसारखी भाजली तर मातीतली चिकण मरते आणि उरते ती खापरी. हलकं भाजलं की दाणा पाण्यात विरघळत नाही, पण चिकणमातीचे गुण शाबूत राहतात.

गुण कोणते? चिकणमातीच्या कणांवर ऋण भार असतो. अमोनियम, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे सगळे धन भाराचे, ते त्या कणांना चिकटून बसतात. मूळ त्यांच्या बदल्यात हायड्रोजन आयन देतं आणि आपल्याला हवं ते उचलतं. शेतीच्या पुस्तकात याला धनायन विनिमय क्षमता म्हणतात. गावच्या वाण्याकडच्या उधारीच्या वहीसारखं समजा: माल असतो, पण काहीतरी दिल्याशिवाय मिळत नाही.

आता तुमचा पीएच ६.६ कसा झाला ते बघा. नव्या मातीच्या कणांवर हायड्रोजन भरपूर असतो. तुमच्या पाण्यातलं कॅल्शियम ती धरते आणि हायड्रोजन सोडते. तो बायकार्बोनेटला मारतो, म्हणून केएच आणि पीएच दोन्ही उतरतात. पण हा साठा मोजका असतो. मऊ पाण्यात वर्ष-दोन वर्षं पुरतो. तुमच्या ११ केएचच्या पाण्यात दर रविवारी त्यावर दरोडा पडणार.

आणि मासे का गेले? नव्या मातीतून पहिले काही आठवडे अमोनिया सुटतो, हे या मातीचं ठरलेलंच आहे. पण पाण्यात तो दोन रूपांत असतो. अमोनियम माशांना फारसं बाधत नाही, मोकळा अमोनिया विष आहे. कोणतं रूप किती ते पीएच ठरवतो. २५ अंशांना पीएच ६.६ असेल तर विषारी वाटा जेमतेम ०.२ टक्के. पीएच ७.८ ला तोच ३.४ टक्के. तुम्ही पाणी बदललंत आणि एका तासात विष पंधरापट केलंत.

म्हणजे २ पीपीएम अमोनियात मासे दोन दिवस "मजेत" होते ते पीएच उतरलेला होता म्हणून. माती त्यांना वाचवत होती म्हणा ना. अर्थात त्यात मासे सोडायलाच नको होते.


टाकीवेडा | १५ जून, दुपारी ४:२०

सुन्न झालो. आम्ही तर मासे अस्वस्थ दिसले म्हणून आणखी एक बादली पाणी बदललं होतं.

एक शंका आहे सर. निम्मं पाणी काढलं म्हणजे अमोनियाही निम्माच राहिला ना?


मृद्गंध | १५ जून, संध्याकाळी ५:०१

बरोबर पकडलंत. पंधरापट नव्हे, साडेसातपट म्हणा. घाईत लिहिलं. निऑनसारख्या माशाला तेवढंही पुष्कळ. ती शेवटची बादली मनाला लावून घेऊ नका, कुणीही तेच केलं असतं.


श्रावणसरी | १५ जून, रात्री १०:१८

मी मुंबईत आहे, आमचं तलावांचं पाणी मऊ. माझी अ‍ॅक्वासॉइलची टाकी दोन वर्षं झाली, आत झिंगे आणि चेरी बार्ब. तेव्हा माती काढू नका, दादा! आता उपसली तर सगळा अमोनिया एकदम वर येईल आणि दाण्यांचा चिखल होईल तो वेगळाच.

पहिला महिना माशांविना काढायचा. पहिला आठवडा रोज निम्मं पाणी बदला, दुसऱ्यात एक दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा. टाकी रिकामी असताना पीएच कितीही उड्या मारो, मरायला आत कुणी नाही. अमोनिया शून्य आणि नायट्राइट (अमोनियापासून बनणारं, तेही विषारी) शून्य, असं सलग आठवडाभर दिसलं की मग मासे. दुकानदाराच्या दहा दिवसांना काही अर्थ नाही, मातीला कॅलेंडर कळत नाही.

दुसरा उपाय म्हणजे माती ओली करून, पाणी भरून, दिवे बंद ठेवून तीन-चार आठवडे फिल्टर चालवायचा आणि झाडं नंतर लावायची. प्रकाश नाही म्हणून शेवाळही नाही. मी दुसऱ्या टाकीला तेच केलं. घरचे विचारायचे, ही अंधारी टाकी कशासाठी पाळली आहेस.

तपकिरी शेवाळ येईल, काचेवर बोटाने पुसलं जाईल असं. घाबरू नका, महिन्याभरात आपोआप जातं. क्रिप्टोची पानं वितळून जातील. उपटून फेकू नका! मूळ जिवंत असतं.

नऊ लिटरची पिशवी मात्र तुमच्या मापाला नेमकी आहे. ६० गुणिले ३० सेंटिमीटरच्या तळावर पाच सेंटिमीटरचा थर. पुढे तीन, मागे सात असा उतार केलात तर दिसायलाही खोल वाटतं.

पाण्यासाठी: स्वयंपाकघरात आरओ असेल तर दोन भाग आरओ, एक भाग टँकर. केएच ११ चा साधारण पावणेचार होईल. आरओच्या वाया जाणाऱ्या नळीचं पाणी चुकूनही नको, ते टँकरहून जड.


राईनकाठी | १६ जून, पहाटे ३:३०

जर्मनीहून लिहितोय. इथे आमचंही पाणी दगडासारखं, चहाच्या किटलीत चुन्याचा थर बसतो. त्यामुळे अ‍ॅक्वासॉइलच्या वाटेला गेलो नाही.

जुन्या जर्मन हौशी लोकांकडून एक ऐकलेली गोष्ट. अमानोंची माती प्रसिद्ध व्हायच्या आधी, ८०च्या दशकात, इथे डुप्ला नावाच्या कंपनीचा बोलबाला होता. तळाशी वाळूत लॅटराइट मिसळायचं आणि मातीखाली गरम होणारी तार टाकायची. लॅटराइटची पुडी तोळ्याच्या भावाने घेतल्यासारखी जपून वापरायचे म्हणे. आणि लॅटराइट म्हणजे काय? आपला जांभा. मी राजापूरचा. आमच्या घराच्या भिंती, पोवळी, विहीर सगळं त्याचंच. आजोबांना कळलं असतं की जर्मन लोक जांभ्याचा चुरा माशांच्या टाकीत घालायला विकत घेतात, तर हसता हसता सुपारी घशात गेली असती.


माडाखाली | १६ जून, सकाळी ७:४५

राईनकाठी, गाववाले निघालात!

लॅटराइट हे नावही आपल्याच किनाऱ्यावरचं. फ्रान्सिस बुकानन नावाच्या साहेबाने मलबारात अंगाडिपुरमला लोक ही माती विटेसारखी कापून घरं बांधताना पाहिले. लॅटिनमध्ये वीट म्हणजे लेटर, त्यावरून १८०७ साली छापलेल्या पुस्तकात त्याने हे नाव दिलं. पाणी लागलेला जांभा मऊ कापता येतो आणि वाऱ्यावर कडक होतो. आमचे चिरेवाले हे बुकाननच्या कितीतरी आधीपासून जाणतात.

आता टाकीविषयी. माझी टाकी फक्त लाल मातीची आहे आणि चार वर्षं चालली आहे. मी भातशेतीवाला, म्हणून हा प्रकार मला नवा वाटलाच नाही. टाकी म्हणजे काचेतलं खाचर. पाणी साचलं की मातीतली हवा दोन-चार दिवसांत संपते. मग लाल माती आतून करडी-काळी पडते, कारण गंजातलं लोह विरघळणारं होतं. त्या लोहाने धरून ठेवलेला स्फुरदही (फॉस्फरस) तेव्हाच सुटतो. भाताचं रोप उपटून बघा, मुळांवर तांबूस गंज दिसेल. देठातून मुळांपर्यंत हवा जाते, मुळं ती बाहेर सोडतात, आणि लोह तिथेच गंजतं. क्रिप्टोच्या मुळांवरही अगदी तोच रंग पाहिला आहे.

आम्ही चारसूत्री भात लावतो. चार चुडांच्या (रोपांच्या जुड्यांच्या) मधोमध युरिया-डीएपी खताची ब्रिकेट म्हणजे दाबून केलेली गोळी, २.७ ग्रॅमची, सात ते दहा सेंटिमीटर खोल खोचायची. वर फेकलेला युरिया पाण्याबरोबर जातो, खोल खोचलेला चिखलात धरला जातो. झाडांच्या मुळाशी ज्या महागड्या गोळ्या तुम्ही खोचता, ती हीच युक्ती.


उनाड_बोका | १६ जून, सकाळी १०:१२

मग टाकीत थेट ब्रिकेटच खोचली तर? पोत्याच्या भावात पडेल.


मृद्गंध | १६ जून, दुपारी १:३०

बोक्या, अजिबात नको! आकडा बघ. ब्रिकेटमध्ये युरिया आणि डीएपी ६०:४० असतं. २.७ ग्रॅममध्ये नायट्रोजन जवळजवळ ०.९४ ग्रॅम. ५५ लिटरच्या टाकीत तो पाझरला तर १७ पीपीएम. वर हे मासे २ पीपीएमहून कमी अमोनियात गेले. खाचरात ब्रिकेटच्या आजूबाजूला घट्ट चिखल असतो आणि शेकडो मुळं वाट बघत असतात. टाकीत वर दोन इंच दाणेदार माती आणि तीन काड्या. शिवाय आपण उद्या झाड हलवणार आणि ती गोळी उघडी पाडणार.

खत द्यायचंच तर पाण्यातून द्या, अगदी थोडं. नाशिककडचे द्राक्षवाले जे तेरा-शून्य-पंचेचाळीस म्हणतात ते पोटॅशियम नायट्रेट, आणि शून्य-बावन्न-चौतीस हे मोनोपोटॅशियम फॉस्फेट. कृषी सेवा केंद्रात किलोने मिळतं. त्यात अमोनिया नाही, ही मुख्य गोष्ट. मात्र अ‍ॅक्वासॉइल असेल तर पहिले दोन-तीन महिने यातलं काही लागत नाही.


उनाड_बोका | १६ जून, दुपारी १:५२

बरं, नाही खोचत. मग विसर्जनानंतर बादलीत उरलेली शाडू माती? आमच्याकडे दरवर्षी कुंडीत जाते.


मृद्गंध | १६ जून, दुपारी २:१०

कुंडीतच जाऊ दे. एक तर मूर्तीचा रंग त्यात उतरलेला असतो. दुसरं, शाडू इतकी बारीक की पाण्यात महिनाभर ताक दिसेल. आणि तिच्यात झाडाला खायला जवळजवळ काही नाही.


काळी_आई | १६ जून, रात्री ९:२५

परभणीहून. लाल मातीचं कौतुक चाललंय, आमच्या काळ्या मातीचं काय? कापूस, ज्वारी, सोयाबीन सगळं घेते. मी गेल्या वर्षी शेतातली माती इंचभर घालून वर वाळू टाकली होती. पंधरा दिवस पाणी गढूळ. मग कुठे हात लावला की पुन्हा गढूळ. झाडं वाढली हे खरं, पण पीएच आठच्या खाली येईना. असं का होतं?


मृद्गंध | १६ जून, रात्री १०:४०

काळ्या मातीतली चिकण फुगणारी, मॉन्टमोरिलोनाइट गटातली. ओल लागली की फुगते, वाळली की भेगा पडतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. शुद्ध मॉन्टमोरिलोनाइटची विनिमय क्षमता १०० ग्रॅमला ८० ते १२० मिलिइक्विव्हॅलंट, जांभ्याच्या मातीतल्या केओलिनाइटची ३ ते १५. कागदावर काळी माती कितीतरी श्रीमंत. पण तिच्या साठ्यावर कॅल्शियम ठाण मांडून बसलेलं असतं, वर चुनखडीचे खडे. ती पाणी मऊ करणार नाही, जड करेल. मूठभर मातीवर घरातलं व्हिनेगर टाका. फसफसली तर चुनखडी आहे. हीच परीक्षा वाळूचीही करा, समुद्राच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतोच.

तुमच्या टाकीत गप्पी, मॉली असतील तर ती माती चालून जाईल. त्यांना जड पाणी आवडतं. (गप्पीकाका, ऐकताय ना.)

लाल माती उलट. साठा लहान, पण लोह भरपूर आणि चुना नाही. तिच्यात थोडा कुजलेला पालापाचोळा मिसळला की कमतरता बरीच भरून निघते.

टाकीवेडा, तुम्ही नर्सरीतून "लाल माती" आणणार असाल तर आधी विचारा त्यात काय काय आहे. शेणखत असेल तर अमोनिया, निंबोळी पेंड असेल तर झिंग्यांना धोका.


माडाखाली | १७ जून, सकाळी ८:००

माझी रीत लिहितो, शास्त्र मृद्गंध सर बघतील. बांधावरची माती घ्यायची, जिथे खत पडलेलं नाही. उन्हात वाळवायची, चाळायची, बादलीत भिजवून वर तरंगणारा कचरा काढायचा, पुन्हा वाळवायची. असं तीन-चार वेळा. कंटाळवाणं आहे, पण एकदा ओली-सुकी होऊन कुजायचं ते बाहेरच कुजतं. टाकीत इंचभर माती, वर इंचभर एक-दोन मिलिमीटरची वाळू. वाळू याहून जाड नको, माती फटींतून वर येते. बारीकही नको, हवा कोंडते. अमेरिकेतल्या डायना वॉल्स्टड यांनी १९९९ मध्ये पुस्तक लिहून जी मातीच्या टाकीची पद्धत लोकप्रिय केली, ती साधारण अशीच. फिल्टरही नावापुरता आणि झाडं पहिल्याच दिवशी दाट.

झाडं मात्र पहिल्या दिवसापासून भरगच्च हवीत. विरळ लावली तर मातीतलं सगळं शेवाळाच्या पोटात जातं.

तळातून बुडबुडे येतील. वास नसेल तर काळजी नको. सडक्या अंड्याचा वास आला तर विणायची सुई घेऊन हळू टोचत जा, एकदम ढवळू नका.


उनाड_बोका | १७ जून, सकाळी ११:४७

आणि झाडं फुकट! पावसात कासला जातोय, तिथल्या डबक्यात काहीतरी कमळासारखं असतं म्हणे.


श्रावणसरी | १७ जून, दुपारी १२:०५

ते वायतुरा असेल, आणि हात लावायचा नाही! शास्त्रीय नाव अपोनोजेटोन सातारेन्सिस. इंग्रजी वाय अक्षरासारखा दुभागलेला तुरा, म्हणून वायतुरा. जांभ्याच्या सड्यांवरच्या (पठारांवरच्या) उथळ पाण्यात येतो आणि जगात फक्त आपल्याच पट्ट्यात. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. कोकणच्या ओढ्यांतल्या जंगली क्रिप्टोंनाही तेच लागू. दुकानात वाढवलेली क्रिप्टो पन्नास-शंभर रुपयांत मिळते.


उनाड_बोका | १७ जून, दुपारी १२:११

फोटो तरी काढू?


श्रावणसरी | १७ जून, दुपारी १२:१४

काढ. डबक्याबाहेर उभं राहून.


टाकीवेडा | २८ सप्टेंबर, रात्री १०:५०

धागा वर काढतोय, हिशोब द्यायचा राहिला होता.

माती काढली नाही. श्रावणसरीताईंनी सांगितलं तसं पाणी बदलत गेलो, दोन भाग आरओ एक भाग टँकर. पाठीची वाट लागली. अमोनिया शून्यावर यायला पाच आठवडे लागले, नायट्राइटला आणखी एक. दहा दिवस! असो. मित्राकडचे चारही टेट्रा परत आणले, नंतर सहा नवे. पीएच आता ६.८ च्या आसपास असतो आणि पाणी बदलल्यावर फार तर ७ ला जातो. क्रिप्टो पूर्ण वितळली होती, बायको म्हणाली टाकून दे. नाही टाकली. आता सोळा पानं आहेत, मुलीने मोजून भिंतीवर लिहून ठेवलीत. रोटालाला दर पंधरा दिवसांनी कात्री लावावी लागते.

दुसरी गंमत. माडाखाली दादांच्या रीतीने फूटभराची छोटी टाकी केली. माती रत्नागिरीहून मावसभावाने एसटीने पाठवली, पोत्यावर "औषधी" असं लिहून. वाळू घालताना घाई केली, कोपऱ्यात थर पातळ राहिला, आणि पाणी तीन आठवडे फिक्या चहासारखं. बुडबुडेही आले. सुई टोचली, वास नव्हता. आता पाणी स्वच्छ आहे, पण खरं सांगू? व्हॅलिसनेरिया या फुकटच्या मातीत जास्त वाढली आहे. महागड्या टाकीत पानं हातभर, इथे टाकीत मावत नाहीत म्हणून गोल गोल फिरतायत.


माडाखाली | २९ सप्टेंबर, सकाळी ७:२०

वा! औषधी माती. एसटीवाल्यांनी मागितली नाही ना थोडी?

कोपऱ्यात वाळू आता वरून चमच्याने सोड. ओतू नको, पुन्हा चहा होईल.


राईनकाठी | २९ सप्टेंबर, दुपारी १२:४०

डिसेंबरात राजापूरला येतोय. परत जाताना सामानात किलोभर जांभ्याचा चुरा न्यावा म्हणतो, मग आठवलं की माती विमानतळावर अडवतील. लॅटराइटची पुडीच विकत घेतो इथे.


मृद्गंध | २९ सप्टेंबर, दुपारी ३:१५

टाकीवेडा, मोठ्या टाकीचा केएच दर महिन्याला मोजून लिहून ठेवा. एक दिवस तो उतरायचा थांबेल, म्हणजे मातीतला हायड्रोजनचा साठा संपला. झाडांना तेव्हा काही होत नाही, माती धरणं-सोडणं करतच राहते. फक्त त्यानंतर पीएच तुमच्या पाण्याचा, मातीचा नाही. आरओचं प्रमाण तोवर सोडू नका.


गप्पीकाका | २९ सप्टेंबर, संध्याकाळी ६:३०

व्हॅलिसनेरिया जास्त झाली असेल तर चार काड्या इकडे द्या. पर्वतीला राहतो. बदल्यात गप्पी देतो, हवे तेवढे.


टाकीवेडा | २९ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०२

काका, काड्या देतो. गप्पी नकोत. व्यनि केला आहे.


गप्पीकाका | २९ सप्टेंबर, संध्याकाळी ७:०५

दोनच देतो.